आकाश कुणाचे, वाणी कुणाची?

बीड जिल्ह्यातील धर्मापुरी हे गाव आमच्या बहुतेक वाचकांनी पाहिलेले नसेल. परळी वैजनाथ तालुक्यातील हे गाव इतिहासाच्या अभ्यासकांना ठाऊक आहे ते तेथील चालुक्यकालीन केदारेश्वर मंदिरामुळे आणि जुन्या किल्ल्यामुळे. एका बाजूस वैजनाथाची परळी, दुसऱ्या बाजूस आद्यकवी मुकुंदराजांची समाधी मिरविणारे अंबाजोगाई. मराठी वाणीचा इतका जुना शेजार लाभलेल्या या गावात आम्ही काही दिवस पाहुणे म्हणून राहिलो आणि आमच्या यजमानांच्या ओसरीवर रोज सकाळी रेडिओ ऐकला.

भक्तिगीते झाली, हवामान झाले, बाजारभाव झाले. मग एका अधिकाऱ्याची मुलाखत लागली. विषय एका शासकीय योजनेचा होता. प्रश्न विचारणारा नम्र होता, उत्तर देणारा प्रसन्न होता, आणि दोघांच्या बोलण्यातून असे चित्र उभे राहिले की, खेड्यापाड्यांत आता करावयाचे काही शिल्लकच उरलेले नाही. ओसरीवर एक तरुण बसला होता. तो एका वृत्तपत्राचा गावाकडील वार्ताहर. तो हसून म्हणाला, "योजना कागदावर कशी हाय ते साहेबांनी सांगितलं. गावात ती कशी हाय, ते मला कुणीच इचारत नाही."

वाचकहो, हा लेख त्या एका वाक्यासाठी लिहिला आहे. त्याला कुणीच का विचारीत नाही? गावोगाव हिंडणारा, तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजविणारा, पंचनामा होताना उभा राहणारा, पोलीस ठाण्यातील नोंद वाचणारा आणि तिच्यात काय गाळले गेले हेही जाणणारा हा जो पत्रकार नावाचा माणूस, त्याला ध्वनिक्षेपकापुढे बसवून सामाजिक आणि राजकीय प्रश्नांवर अर्धा तास बोलते करावे, असे आपल्या नभोवाणीला नेमाने का वाटत नाही? आमचे उत्तर असे आहे की, तिला तसे वाटू नये अशी व्यवस्था मोठ्या काळजीने केली गेली आहे. आणि त्या व्यवस्थेत सरकारांइतकाच व्यापाऱ्यांचा, पत्रकारांचा आणि आपलाही वाटा आहे.

पत्रकाराची मुलाखत कशासाठी, असे कुणी विचारील. त्याने लिहिलेली बातमी छापून येतेच की! पण छापील बातमी ही बहुधा दहा ओळींची असते. तिच्यात काय घडले ते येते. ते वार्ताहराला कसे कळले, कुणी बोलण्याचे टाळले, कोणता कागद पाहावयास मिळाला नाही, आदल्या वर्षी त्याच जागी काय घडले होते, हे येत नाही. मुलाखतीत हे सारे येऊ शकते. शिवाय तेथे पत्रकारालाही उलट विचारता येते : तुम्ही हे डोळ्यांनी पाहिले की ऐकले? दुसऱ्या बाजूला भेटलात का? वृत्तपत्राच्या स्तंभाला वाचक असे अडवू शकत नाही.

आणि हे नभोवाणीवरच का व्हावे, याचे उत्तर बीड जिल्ह्याइतके स्पष्टपणे क्वचितच कुठे मिळेल. दसरा-दिवाळी उलटली की या जिल्ह्यातून लक्षावधी माणसे ऊस तोडावयास बाहेर पडतात. मुकादमाकडून उचल घ्यावयाची, नवरा-बायकोने मिळून एक कोयता व्हावयाचे, फडाशेजारच्या कोपीत पाच-सहा महिने काढावयाचे. एक दिवस खाडा झाला तर दंड. या माणसांच्या कोपीपर्यंत वृत्तपत्र जात नाही, गेले तरी वाचावयास उसंत नसते, आणि पुष्कळांना अक्षरओळखही नसते. हात कामात गुंतलेले असताना जे कानांना मिळते, तेवढेच त्यांचे. नभोवाणी हे अशा माणसाचे माध्यम आहे.

या माणसांचेच एक उदाहरण घ्या. एप्रिल २०१९ मध्ये 'द हिंदू बिझनेसलाइन' या इंग्रजी दैनिकात राधेश्याम जाधव या पत्रकाराने बीडच्या ऊसतोड स्त्रियांविषयी लिहिले. पाळीच्या दिवसांत काम बुडू नये, खाडा पडू नये, म्हणून ऐन तारुण्यात गर्भाशय काढून टाकलेल्या स्त्रियांची ती हकीकत होती. देशभर खळबळ उडाली. विधिमंडळात प्रश्न आला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आरोग्य खात्याने पाहणी केली. जिल्ह्यातील ८२ हजारांहून अधिक स्त्रियांच्या त्या पाहणीत १३ हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले.

या आकड्यापाशी क्षणभर थांबा. तेरा हजार शस्त्रक्रिया एका रात्रीत होत नाहीत. त्या वर्षानुवर्षे, एकेक करून, डॉक्टरांच्या सहीने आणि उचलीच्या पैशाने झाल्या. ही गोष्ट गावाला ठाऊक होती, मुकादमाला ठाऊक होती, दवाखान्याला ठाऊक होती. जिल्ह्याच्या ठिकाणी आकाशवाणीचे केंद्र आहे. त्याची वाणी फडावरच्या बाईच्या कानापर्यंत पोहोचू शकत होती. तरीही तिच्या देहाची बातमी तिला न कळणाऱ्या भाषेत आधी गाजली आणि मग वरून खाली झिरपत आली. तालुक्याच्या एखाद्या वार्ताहराला दर आठवड्याला कुणी विचारले असते, "यंदा तुमच्या भागात काय चालले आहे?" तर तेरा हजारांपैकी काहीजणी तरी वेळेवर सावध झाल्या नसत्या काय? आम्ही खात्री देऊ शकत नाही. पण हा प्रश्न टाळण्याचा अधिकार कुणालाच नाही.

आकाशवाणीवर मुलाखती होतच नाहीत, असे आमचे म्हणणे नाही. शेतीविषयक कार्यक्रमांनी या राज्यातील कुणब्याची मोठी सेवा केली आहे. आरोग्याच्या, विज्ञानाच्या, साहित्याच्या मुलाखतींनी कित्येकांना घडविले आहे. ते ऋण आम्ही मान्य करतो. आमची तक्रार राज्यव्यवहाराच्या मुलाखतींविषयी आहे. राज्य शासनाच्या माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाने 'दिलखुलास' या नावाचा कार्यक्रम वर्षानुवर्षे आकाशवाणीवरून सादर केला. सकाळचा साधारण पाव तास. पाहुणे बहुधा मंत्री आणि अधिकारी. म्हणजे शासनाच्या खात्याने शासनाच्या माणसाला शासनाविषयी विचारावयाचे! दिल्लीहून ३ ऑक्टोबर २०१४ पासून पंतप्रधानांची 'मन की बात' सुरू झाली. पंतप्रधानांनी जनतेशी बोलावे, यात गैर काही नाही. पण बोलणाऱ्याला अडवून प्रश्न विचारणारा तेथे कुणी नाही. नांगर कुणाचा, बैल कुणाचे आणि पीक कुणाच्या कणगीत, हे श्रोत्याने ओळखून घ्यावे.

हा दोष एका पक्षाचा वा एका कारकिर्दीचा नाही, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. मराठवाड्याने तर तो सर्वांआधी भोगला आहे. निजामाच्या राज्यात नभोवाणी राजसत्तेच्या हातात होती, आणि रझाकारांविरुद्ध लेखणी चालविणारे 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान यांची ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत हत्या झाली. पत्रकाराचा आवाज बंद आणि दरबाराचा आवाज घरोघर, असे ते राज्य होते. त्याआधी १९४२ मध्ये उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी मुंबईत काँग्रेस रेडिओ गुप्तपणे चालविला. नोव्हेंबरमध्ये पोलिसांनी तो पकडला. परक्या सरकारने आवाज दडपला, याचे आम्हांस नवल वाटत नाही. नवल याचे वाटते की, स्वतंत्र भारताने तीच किल्ली आपल्या कमरेला अडकविली. २६ जून १९७५ रोजी सकाळी आणीबाणीची घोषणा आकाशवाणीवरून ऐकू आली. 'मराठवाडा' दैनिकाचे संपादक अनंत भालेराव यांच्यासारखे पत्रकार तुरुंगात गेले, आणि आकाशवाणीला लोक 'ऑल इंदिरा रेडिओ' म्हणू लागले. त्यानंतर आलेल्या सरकारांनी त्या नावावर हसून घेतले. किल्ली मात्र कुणी खाली ठेवली नाही.

स्वायत्ततेची कथा तर वरातीमागून घोडे अशी आहे. चंदा समितीने १९६६ मध्ये स्वायत्ततेची शिफारस केली. वर्गीस समितीने १९७८ मध्ये 'आकाश भारती'ची कल्पना मांडली. प्रसार भारतीचा कायदा संमत झाला १९९० मध्ये आणि अमलात आला १९९७ मध्ये! एकतीस वर्षांच्या या प्रवासानंतर जी स्वायत्तता हाती आली, तिची प्रकृती २०२३ मध्ये पुण्यात दिसली. पुणे आकाशवाणीचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करण्याचा निर्णय झाला आणि लोकांनी आवाज उठविल्यावर तो थांबविण्यात आला. ज्या महाराष्ट्रात बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ मध्ये 'दर्पण' काढले, तेथे वृत्तविभाग चालू राहावा म्हणून आर्जवे करावी लागतात!

वास्तविक न्यायाचा शब्द आपल्या बाजूने आहे. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बंगाल क्रिकेट असोसिएशनच्या खटल्यात निःसंदिग्धपणे सांगितले की, ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. तिच्यावर सरकारची मक्तेदारी नसावी, तशीच धनिकांचीही नसावी. त्या निकालपत्राचे एक लेखक न्यायमूर्ती पी. बी. सावंत हे आपल्या महाराष्ट्राचे; पुढे ते प्रेस कौन्सिलचे अध्यक्ष झाले. आकाश जनतेचे आहे, असे न्यायालय म्हणाले. मग वाणी कुणाची?

खासगी एफ.एम. वाहिन्या २००१ पासून देशात सुरू झाल्या. त्यांना गाणी वाजविण्याची, जाहिराती करण्याची, श्रोत्यांच्या प्रेमप्रकरणांवर विनोद करण्याची मोकळीक मिळाली. स्वतःच्या बातम्या आणि राजकीय चर्चा मात्र वर्ज्य. २०११ च्या धोरणाने फार तर इतकी मुभा दिली की, आकाशवाणीचे बातमीपत्र जसेच्या तसे ऐकवावे. सामुदायिक रेडिओचे २००६ चे धोरण आले, तेव्हा आम्हांस आशा वाटली होती. सातारा जिल्ह्यातील म्हसवडला 'माणदेशी तरंग'सारखे केंद्र २००८ मध्ये उभे राहिले, गावच्या बायका ध्वनिक्षेपकापुढे बसल्या, हे या धोरणाचे पुण्य. पण त्याच धोरणात बातम्या, चालू घडामोडी आणि राजकीय स्वरूपाचे कार्यक्रम यांना मनाई लिहिलेली होती. गावाने ओव्या म्हणाव्यात, पाककृती सांगाव्यात; गावची विहीर कागदावरच का खोदली गेली, हे विचारू नये!

आणि खुद्द आकाशवाणीवर? तिची नऊ कलमांची प्रसारण संहिता पाहा. हिंसेला चिथावणी नको, धर्मांवर हल्ला नको, अश्लीलता नको, न्यायालयाचा अवमान नको. हे सारे आम्हांसही मान्य. पण त्याच संहितेत राजकीय पक्षावर नाव घेऊन हल्ला नको आणि केंद्रावर वा कोणत्याही राज्यावर वैरभावाची टीका नको, अशीही कलमे आहेत. टीका वैरभावाची की सद्भावाची, हे कोण ठरविणार? ज्याच्यावर टीका होते, त्याचाच नोकर. अशा संहितेखाली कोणता केंद्राधिकारी एखाद्या धीट वार्ताहराला बोलावण्याचे धाडस करील? तो बिचारा लोकनृत्याचा कार्यक्रम लावून आपली पेन्शन सांभाळतो, आणि त्याला आम्ही फारसा दोषही देत नाही.

आमच्या विरोधकांचा सर्वांत वजनदार आक्षेप आम्ही झाकून ठेवणार नाही. ते म्हणतात, रेडिओला राजकारण मोकळे केले तर रवांडा होईल. हा आक्षेप आम्हां कॅथलिकांना तर अधिकच बोचतो. कारण रवांडा हा त्या काळी बहुसंख्य कॅथलिकांचा देश होता. तेथे १९९३ मध्ये सुरू झालेल्या 'मिल कोलिन' रेडिओने शेजाऱ्याला शेजाऱ्याविरुद्ध पेटविले. १९९४ च्या नरसंहारात माणसांची नावे आणि ठावठिकाणे त्या रेडिओवरून सांगितले गेले. २००३ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने त्या रेडिओच्या सूत्रधारांना दोषी ठरविले. आवाज माणूस मारू शकतो, हे आम्ही विसरलेलो नाही.

पण या उदाहरणातून काय निघते, हे नीट पाहावे. तो रेडिओ सत्तेपासून दूर नव्हता. सत्तेच्या वर्तुळातील माणसांचा त्याला आश्रय होता. त्याच्यासमोर उलट प्रश्न विचारणारा तेवढाच बलवान आवाज उरलेला नव्हता. विष पसरले ते प्रश्न फार झाले म्हणून नव्हे. एकाच बाजूचे बोलणे अखंड चालू राहिले म्हणून. द्वेष पसरविणाऱ्यास शासन करणारे कायदे आपल्याकडे आहेत. ते निष्पक्षपणे वापरावेत. सुरी बोट कापते म्हणून कुणी स्वयंपाकघराला कुलूप घालीत नाही.

दुसरा आक्षेप सोपा आहे : आता रेडिओ ऐकतो कोण? हाती मोबाइल आहे, यूट्यूब आहे, ज्याला बोलावयाचे तो बोलतो. होय, बोलतो. केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची ९ डिसेंबर २०२४ रोजी अपहरण करून हत्या झाली, तेव्हा अवघा महाराष्ट्र बीडविषयी बोलू लागला. मुंबई-पुण्याचे कॅमेरे आले, मोबाइलवर अहोरात्र गर्जना झाल्या. दोषी कोण, हे न्यायालय ठरवील. आमचा प्रश्न वेगळा आहे. खंडणी, दहशत, राखेचा आणि वाळूचा व्यवहार हे शब्द त्या महिन्यात महाराष्ट्राने प्रथम ऐकले असतील. परळी-केजच्या वार्ताहरांनी ते प्रथम ऐकले नव्हते. सरपंच मरेपर्यंत त्यांना कुणी बोलावले नाही, आणि तो मेल्यावर सगळेच एकदम बोलू लागले. मोबाइलवरच्या आवाजाला ना संपादक, ना चूक दुरुस्त करण्याची रीत. दर आठवड्याला ठरलेल्या वेळी, ठरलेल्या ठिकाणी, जबाबदारीने विचारलेला प्रश्न ही वेगळीच वस्तू आहे.

तिसरा आक्षेप पत्रकारांविषयीचा आहे आणि तो आम्ही मान्य करतो. सारे पत्रकार धुतल्या तांदळाचे नाहीत. २००९ च्या निवडणुकांत पैसे घेऊन बातम्या छापण्याचा बाजार महाराष्ट्रात भरला. प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने २०१० मध्ये त्यावर अहवाल दिला. धर्मापुरीच्या ओसरीवरील त्या तरुणाने आम्हांस सांगितले की, त्याला बातमीसाठी जवळजवळ काहीच मिळत नाही. जाहिराती आणल्या तर अडत मिळते. म्हणजे ज्या पुढाऱ्याविरुद्ध लिहावयाचे, त्याच्याच दारी वाढदिवसाच्या जाहिरातीसाठी उभे राहावयाचे! हा त्याचा दोष की त्याला असे उभे करणाऱ्यांचा? आणि उत्तर काहीही असो, उपाय तोच आहे. पत्रकारालाही ध्वनिक्षेपकापुढे बसवा आणि विचारा : तुम्हांला पैसे कोण देतो? तुम्ही कोणती बातमी दिली नाहीत? जो लोकांना जाब विचारतो, त्याने स्वतः जाब देण्याची सवय लावून घेतली पाहिजे.

आता थोडे आपल्याविषयी. जानेवारी २०२० मध्ये धाराशिव येथील साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद मराठवाड्याच्या भूमीवर फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी भूषविले. वसईपासून जालन्यापर्यंत आम्ही हरखून गेलो, अभिनंदनाचे ठराव केले. ज्या मातीने आमच्या माणसाला मान दिला, त्या मातीतील बायकांच्या कोपीत काय चालले आहे, हे ऐकण्यासाठी आम्ही काय केले? आमच्याकडे शाळा आहेत, महाविद्यालये आहेत, छापखाने आहेत, त्रैमासिके आहेत. व्हॅटिकनने १९३१ मध्येच, खुद्द मार्कोनीच्या हातून, आपला रेडिओ उभारला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ च्या आपल्या आदेशपत्रात माणसाचा माहिती मिळविण्याचा हक्क मान्य केला. पोप फ्रान्सिस यांनी २०२२ च्या समाजसंपर्क दिनाचा विषयच 'हृदयाच्या कानाने ऐकणे' हा ठेवला. आम्ही ते संदेश वाचून दाखविले आणि भक्तिगीतांच्या ध्वनिफिती काढल्या. ऐकण्याचे राहूनच गेले.

म्हणून आमच्या मागण्या थोड्या आणि रोखठोक आहेत. आकाशवाणीच्या प्रत्येक जिल्हा केंद्राने आठवड्यातून अर्धा तास त्या जिल्ह्यातील पत्रकाराच्या मुलाखतीसाठी राखून ठेवावा, आणि तो पत्रकार आळीपाळीने प्रत्येक तालुक्यातील असावा. ज्या खात्याविषयी बोलणे झाले, त्याला पुढच्या आठवड्यात तेवढाच वेळ उत्तरासाठी द्यावा. प्रसारण संहितेतील 'वैरभावाची टीका' हे कलम काढून टाकावे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने सप्टेंबर २०२३ मध्ये खासगी वाहिन्यांना दर तासाला दहा मिनिटांपर्यंत बातम्या व चालू घडामोडी देऊ द्याव्यात, अशी शिफारस केली. दुसऱ्याच वर्षी सरकारने २३४ शहरांतील ७३० वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली. लिलावाची जेवढी घाई झाली, तेवढी त्या दहा मिनिटांची व्हावी, आणि सामुदायिक केंद्रांनाही तीच मुभा मिळावी. पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्र विधिमंडळाने २०१७ मध्ये कायदा संमत केला. बोलून घरी परतणाऱ्या वार्ताहराच्या पाठीशी तो प्रत्यक्षात उभा राहावा. आणि आमच्या समाजाच्या संस्थांनी, ज्यांना शक्य असेल त्यांनी, सामुदायिक केंद्रासाठी अर्ज करावा. परवानगी नाकारली गेली तर ती का नाकारली, हे जाहीरपणे विचारावे.

धर्मापुरीहून आम्ही निघालो, तेव्हा तो तरुण आम्हांस एस.टी.पर्यंत पोहोचवावयास आला. वाटेत त्याने त्या योजनेची सारी हकीकत सांगितली : कोणाच्या नावावर किती, प्रत्यक्षात किती, सही कुणाची. तो सावकाश, पुराव्यानिशी बोलत होता. आकाशवाणीला शोभेल असे बोलत होता. ऐकणारे आम्ही दोघे-तिघेच होतो. पुढच्या वर्षी दिवाळीनंतर कोयते पुन्हा निघतील. त्यांच्या कानांपर्यंत जाणारी वाट मोकळी आहे, सांगणारा माणूस तयार आहे. मधला दरवाजा आपण सर्वांनी मिळून लावून ठेवला आहे, आणि तो आपल्यालाच उघडावा लागेल.